चिलटांची घाई, पेशीची कूपनं

टोपलीतली दोन केळी विसरली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्यावर चिलटं घिरट्या घालू लागतात. खिडकी लावून घेतली तरी येतात, केळ्यांवर फडकं टाकलं तरी येतात. पूर्वी घरातली मोठी माणसं खुशाल सांगायची, की ती केळ्यातूनच जन्मतात. तसं नसतं. पिकल्या फळाच्या वासावर मादी येते, सालीवर अंडी घालते आणि निघून जाते. पण त्यानंतर त्या अंड्यात जे चालतं, ते केळ्यातून चिलट जन्मण्याइतकंच न पटणारं आहे.

अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. त्यात सुरुवातीला एकच केंद्रक असतं आणि ते साधारण दर आठ-नऊ मिनिटांनी दुप्पट होत जातं. एकाची दोन, दोनांची चार, चारांची आठ. गॅसवर चहाचं आधण ठेवावं आणि चहा कपात गाळेपर्यंत तिकडे एक फेरी उरकलेली असावी, असा हा वेग. दुसऱ्या दिवशी अंड्यातून अळी बाहेर पडून केळं खायलाही लागते.

केंद्रक दुप्पट व्हायचं, तर आधी त्यातल्या डीएनएची हुबेहूब नक्कल व्हायला हवी. चिलटाचा डीएनए म्हणजे सुमारे १८ कोटी अक्षरांचा मजकूर. एका छापील पानावर २,००० अक्षरं धरली, तर तीनशे पानांची तीनशे पुस्तकं. त्यातही आईकडून आलेला एक संच आणि बापाकडून आलेला दुसरा, म्हणजे सहाशे पुस्तकं. आठ-नऊ मिनिटांतला बराचसा वेळ नकला वेगळ्या करून दोन बाजूंना नेण्यात जातो. प्रत्यक्ष उतरवून घ्यायला मिळतात जेमतेम साडेतीन मिनिटं.

लेखनिक हळू, काम झटपट

पहिला विचार मनात येतो तो असा, की नक्कल करणारी यंत्रणा भलतीच चपळ असणार. तसं मुळीच नाही. डीएनए म्हणजे दोन पदरांची पीळ घातलेली सुतळी. एका ठिकाणी पीळ उलगडून दोन पदर वेगळे करायचे आणि प्रत्येक पदरासमोर जोडीची अक्षरं लावत पुढे सरकायचं, हे काम प्रथिनांचा एक जथा करतो. या जथ्याला आपण लेखनिक म्हणू. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा लेखनिक सेकंदाला सुमारे १,००० अक्षरं उतरवतो. चिलटाचा लेखनिक मिनिटाला २,६०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला चाळीसेक. जिवाणूच्या मानाने तो अगदीच रेंगाळणारा.

तरीही ४६ लाख अक्षरांचा जिवाणू नकलेला चाळीस मिनिटं घेतो आणि १८ कोटींचं चिलट साडेतीन. जिवाणूचा डीएनए म्हणजे एक बंद वर्तुळ असतं आणि त्यावर सुरुवात करायची जागा एकच. तिथून दोन लेखनिक पाठीला पाठ लावून निघतात आणि वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला एकमेकांना भेटतात. चिलटाने हीच रीत धरली असती तर? त्याच्या मोठ्या गुणसूत्रावर सहा कोटींच्या घरात अक्षरं आहेत. मधोमध सुरुवात करून दोघे दोन बाजूंना गेले, तर एका नकलेला आठ दिवस लागतील. तोवर केळं कचऱ्यात गेलेलं असेल.

लेखनिक हळू आणि मजकूर अफाट, तर उपाय एकच. खूप ठिकाणी एकदम लिहायला बसायचं. कोकण रेल्वेचं काम रोह्याला सुरू करून एकेक रूळ टाकत मंगळुरूपर्यंत नेलं असतं, तर १९९० मध्ये सुरू झालेला तो मार्ग १९९८ च्या जानेवारीत पुरा होता ना. ठिकठिकाणी तुकडे पडले, बोगदे दोन्ही तोंडांनी खोदत नेले आणि शेवटी सगळं एकमेकांना भिडलं.

साखळीतले डोळे

ही नुसती कल्पना नाही, ती डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. जोएल ह्यूबरमन आणि आर्थर रिग्ज यांनी १९६८ मध्ये चिनी हॅमस्टरच्या पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी अक्षरं पुरवली. ती नव्याने लिहिल्या जाणाऱ्या मजकुरातच बसणार, हे उघड होतं. मग पेशी फोडून डीएनएचे धागे लांब ताणले, त्यांच्यावर फोटोच्या फिल्मचा लेप दिला आणि ते अंधारात महिनोन्‌महिने ठेवून दिले. फिल्म धुतल्यावर एकाच धाग्यावर ओळीने काळ्या रेघा दिसल्या: रेघ, मोकळी जागा, पुन्हा रेघ. एका टोकाने सुरुवात असती, तर एकच लांबलचक रेघ दिसली असती. धाग्यावर ठिकठिकाणी काम चालू होतं आणि प्रत्येक ठिकाणाहून ते दोन्ही दिशांना सरकत होतं.

चिलटाच्या अंड्यातलं दृश्य त्याहून दाट. स्टॅनफर्डचे डेव्हिड हॉग्नेस आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हा डीएनए पाहिला. नक्कल सुरू झालेल्या जागी दोन पदर फाकून बुबुळाविना डोळ्यासारखा आकार होतो, तसे डोळे धाग्यावर माळेसारखे ओवलेले होते. एका सुरुवातीपासून दुसरीचं अंतर सरासरी आठ हजार अक्षरं, म्हणजे आपल्या हिशेबाने चार पानं. प्रत्येक लेखनिकाच्या वाट्याला दोन पानं आली, की झालं.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, चिलटाच्याच साध्या पेशींना तेवढ्याच मजकुराच्या नकलेसाठी सुमारे दहा तास लागतात. लेखनिकाचा वेग मात्र दोन्हीकडे एकच. बदलतं ते फक्त किती ठिकाणी आणि कधी सुरुवात झाली एवढंच.

माणसाचा हिशेब

आपल्या पेशीत दोन्ही संच मिळून सुमारे ६२० कोटी अक्षरं. आपला लेखनिक मिनिटाला दोनेक हजार अक्षरं उतरवतो. सगळ्यात मोठ्या, पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर २५ कोटींच्या आसपास अक्षरं आहेत. मध्ये एकच सुरुवात असती, तर त्या एका गुणसूत्राला सहा आठवडे लागले असते. गुडघा खरचटला, तर खपलीखाली पहिली नवी पेशी तयार व्हायलाच दीड महिना! प्रत्यक्षात सगळी ६२० कोटी अक्षरं सुमारे आठ तासांत उतरतात. भागाकार केला, तर त्या आठ तासांत सरासरी साडेसहा हजार लेखनिक एकाच वेळी कामावर असायला हवेत.

या सुरुवातीच्या जागांना आरंभबिंदू म्हणतात.

चौकट: कोणाचे किती आरंभबिंदू?
ई. कोलाय जिवाणू: ४६ लाख अक्षरं, आरंभबिंदू १, नकलेचा वेळ सुमारे ४० मिनिटं.
पावाचं यीस्ट: १ कोटी २० लाख अक्षरं, आरंभबिंदू सुमारे ४००, वेळ अर्धा-पाऊण तास.
चिलटाचं कोवळं अंडं: १८ कोटी अक्षरं, दर आठ हजार अक्षरांमागे एक आरंभबिंदू, वेळ साडेतीन मिनिटं.
माणसाची पेशी: ३१० कोटी अक्षरांचे दोन संच, एका फेरीत ३० ते ५० हजार आरंभबिंदू, वेळ सुमारे ८ तास.

चौकटीतल्या जिवाणूचं एक कोडं राहिलं. भरपूर खायला मिळालं, तर तो दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, मग चाळीस मिनिटांची नक्कल त्यात मावते कशी? पहिली नक्कल अर्ध्यावर असतानाच तो त्या अर्धवट नकलेवर दुसरी सुरू करतो. त्यामुळे जन्मणाऱ्या लेकीच्या पोटात नातीची तयारी आधीच चालू असते.

खरी अडचण मोजणीची

इथवर सगळं सोपं आहे. माणसं वाढवा, काम लवकर संपेल, हे कोणताही मुकादम सांगेल. आणि बहुतेक वर्णनं इथेच थांबतात. मला वाटतं, पेशीचं कसब इथून पुढे सुरू होतं.

एका फेरीत चाळीस हजार ठिकाणी काम सुरू व्हायचं आहे. देखरेखीला कोणी नाही, नकाशा नाही, कोणतं पान झालं याची वही नाही. लिहून झालेला मजकूर आणि न लिहिलेला मजकूर अक्षराला अक्षर सारखाच. मग एखादी जागा एकदा नक्कल होऊन गेल्यावर तासाभराने तिथेच कोणी पुन्हा लिहायला बसणार नाही, याची खात्री कशी द्यायची? असं झालं, तर एका भागाच्या दोनाऐवजी तीन-चार प्रती होतील, धागे गुंततील, तुटतील. कर्करोगाच्या पेशींत असे जादा तुकडे सर्रास सापडतात.

क्वचित निसर्ग हे मुद्दामही करतो. चिलटाच्या मादीत, अंड्याभोवतीच्या पेशींना कवचासाठी लागणारी प्रथिनं घाईने आणि भरपूर हवी असतात. त्या पेशी कवचाच्या जनुकांपाशी पुन्हा पुन्हा सुरुवात करून त्यांच्या कित्येक प्रती काढतात. पण त्या पेशींना पुढे विभागायचं नसतं, कवच झालं की त्यांचं आयुष्य संपतं. ज्यांना विभागायचं आहे, त्यांच्यासाठी नियम कडक: प्रत्येक अक्षर एकदा, आणि एकदाच.

आधी कूपन, मग पंगत

मोठ्या देवस्थानात महाप्रसादाची व्यवस्था पाहिलेली असेल. सकाळी खिडकीवर कूपनं वाटतात. ठरलेल्या वेळी खिडकी बंद होते आणि त्यानंतरच पंगत बसते. आत जाताना कूपन काढून घेतात. जेवून आलेला माणूस पुन्हा रांगेत उभा राहिला, तरी त्याच्याकडे कूपन नाही आणि खिडकी तर केव्हाच बंद झाली. कोण जेवलं, कोण राहिलं याची यादी ठेवावी लागत नाही. ही व्यवस्था एकाच अटीवर टिकते: खिडकी आणि पंगत एकाच वेळी चालू असता कामा नये.

पेशी अगदी हेच करते. विभाजनानंतर नक्कल सुरू होण्यापूर्वी एक निवांत काळ असतो. तेव्हा ओआरसी नावाचा सहा प्रथिनांचा गट डीएनएवर जागोजागी बसतो. यीस्टमध्ये ब्रूस स्टिलमन आणि स्टीफन बेल यांना तो १९९२ मध्ये सापडला. यीस्टमध्ये त्याला बसायची जागा ठरावीक अक्षरांच्या शब्दावरून कळते. माणसात असा ठरावीक शब्द नाही. जिथे डीएनएची घडी जरा सैल असते, अशा जागा त्याला मानवतात. ओआरसी दोन मदतनीसांना हाताशी धरून त्या जागी एमसीएम नावाच्या प्रथिनांची कडी चढवतो, एकमेकींना तोंड लावलेल्या दोन कड्या. बोटात अंगठी घालावी, तसा धागा कड्यांमधून गेलेला असतो. ही कड्यांची जोडी म्हणजे कूपन. या वेळी कड्या नुसत्या बसून असतात, काही करत नाहीत.

मग पेशीत सीडीके नावाच्या प्रथिनांचा जोर चढू लागतो. (पेशीच्या विभाजनाचं हे घड्याळ उलगडल्याबद्दल लेलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना २००१ चं नोबेल मिळालं.) सीडीके एका हाताने कड्यांना जागं करतं आणि दुसऱ्या हाताने खिडकी लावून घेतं. जाग्या झालेल्या दोन कड्या एकमेकींपासून सुटतात, एकेक पदर धरतात आणि पाठीला पाठ लावून पीळ उलगडत निघतात. त्यांच्यामागून लेखनिक. तिकडे ओआरसीचे मदतनीस निकामी केले जातात किंवा मोडून टाकले जातात. उरल्यासुरल्यांना जेमिनिन नावाचं प्रथिन घट्ट धरून ठेवतं. आता पुढच्या विभाजनापर्यंत नवी कडी चढणार नाही.

म्हणजे ज्या भागावर कडी आहे, तो अजून लिहायचा आहे. जिथून लेखनिक पुढे गेला, तिथे कडी उरत नाही. वही कोणी ठेवत नाही, पण नोंद प्रत्यक्ष धाग्यावरच असते.

असं काही कूपन असणार, याचा अंदाज कड्या पाहण्याआधीच बांधला गेला होता. जुलियन ब्लो आणि रॉन लास्की १९८८ मध्ये केंब्रिजला आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात केंद्रकं ठेवून प्रयोग करत होते. एकदा नक्कल झालेलं केंद्रक त्याच अर्कात कितीही वेळ ठेवलं, तरी पुन्हा नक्कल करेना. पण केंद्रकाच्या वेष्टनाला भोकं पाडली, की करू लागे. बाहेर असलेली, एका वेळी एकदाच वापरता येणारी काहीतरी परवानगी लागते, असं त्यांनी मांडलं. त्या परवानगीला इंग्रजीत लायसन्सच म्हणतात.

उरलेली कूपनं

या व्यवस्थेत एक फट आहे. पंगत सुरू झाल्यावर खिडकी उघडायची नाही, हे ठीक. पण दोन शेजारच्या आरंभबिंदूंवरून समोरासमोर निघालेले दोन्ही लेखनिक वाटेत अडकले तर? कुठे धागा खराब झालेला असतो, कुठे जनुक वाचणारी दुसरी यंत्रणा वाटेत आडवी येते. दोघांच्या मधला भाग तसाच राहणार आणि नवं कूपन तर देता येत नाही.

म्हणून पेशी आधीच गरजेपेक्षा कितीतरी जास्त कूपनं वाटते. एका फेरीत जेवढ्या कड्या कामाला येतात, त्याच्या तीन ते दहा पट धाग्यावर चढवलेल्या असतात. बहुतेक झोपेतच राहतात. शेजारून आलेला लेखनिक त्यांच्यावरून जातो आणि त्या गळून पडतात. पण दोन्ही बाजूंचे लेखनिक अडकलेच, तर मधली एखादी झोपलेली कडी जागी होते आणि राहिलेला भाग उरकते. वर्षानुवर्षं संशोधकांना कोडं होतं, की एवढ्या कड्यांचा उपयोग काय. बऱ्याच काढून टाकल्या तरी पेशीचं काही अडत नसे. २००६ ते २००८ दरम्यान काही गटांनी कड्या कमी केलेल्या पेशींच्या नकलेत मुद्दाम अडथळे आणले, तेव्हा उत्तर मिळालं. एरवी धडधाकट दिसणाऱ्या त्या पेशी पटापट मरू लागल्या.

जिथे कड्याच विरळ, तिथे धागा तुटतो. आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर एफएचआयटी नावाचं पंधरा लाख अक्षरांचं लांबलचक जनुक आहे. नकलेवर ताण आला, की काही रक्तपेशींत गुणसूत्र नेमकं तिथे तुटतं. २०११ मध्ये कळलं, की त्या पेशींत या जनुकाच्या मोठ्या भागात आरंभबिंदूच नसतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशींत हाच मजकूर, हीच अक्षरं, पण आरंभबिंदू वेगळे, आणि तिथे तो सहसा तुटत नाही.

मग आठ तास कशाला?

आता एक गणित करून पाहू. माणसाच्या पेशीत चाळीस हजार आरंभबिंदू धरले, तर दोन आरंभबिंदूंत सरासरी दीड लाख अक्षरांचं अंतर पडतं. एकेका लेखनिकाच्या वाट्याला पाऊण लाख अक्षरं. मिनिटाला दोन हजारांनी चाळीस मिनिटांत सगळं आटोपायला हवं. आठ तास कशासाठी?

कारण सगळे एकदम बसत नाहीत. काही पहिल्या पंगतीत, काही शेवटच्या. कड्यांना जागं करायला लागणारी आणखी काही प्रथिनं पेशीत मोजकीच असतात. एका जागचं काम झालं की ती सुटून पुढच्या जागी जातात. वाढपी थोडे असले की पंगती पाडाव्या लागतात, तसंच. २०११ मध्ये यीस्टमध्ये या मोजक्या प्रथिनांचा साठा वाढवून पाहिला, तर एरवी उशिरा जागे होणारे आरंभबिंदूही सुरुवातीलाच जागे झाले.

शिवाय शिधा. अक्षरांचा कच्चा माल पेशीत साठवलेला नसतो, तो लागेल तसा तयार करत राहावं लागतं. सिकलसेलच्या रुग्णांना, आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारकडच्या अनेकांना, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दिल्या जातात. हे औषध नेमकं या कच्च्या मालाचं उत्पादन रोखतं. अस्थिमज्जेतल्या भराभर विभागणाऱ्या पेशींवर त्याचा परिणाम होतो आणि त्यातून रुग्णाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढू लागतं. त्याने दुखण्याचे झटके कमी होतात.

मग चिलटाच्या अंड्याला सगळे आरंभबिंदू एकदम जागे करणं कसं परवडतं? आईने अंड्यात भरपूर शिदोरी बांधून दिलेली असते: कड्या, वाढपी, अक्षरं, सगळं. केंद्रकं दुप्पट होत जातात तशी ही शिदोरी जास्त जणांत वाटली जाते. पहिल्या तेरा फेऱ्या दोन-सव्वादोन तासांत उरकतात. चौदाव्या फेरीला मात्र त्याच मजकुराची नक्कल करायला जवळपास तास लागतो. आता काही भाग आधी, काही नंतर, अशा पंगती पडू लागलेल्या असतात.

मृत समुद्रातला अपवाद

एवढं सगळं वाचून आरंभबिंदू नसतील तर जगणंच शक्य नाही, असं वाटेल. यीस्टपुरतं ते खरं आहे. पण मृत समुद्राच्या खाऱ्या चिखलात हॅलोफेरॅक्स व्होल्कॅनी नावाचा एकपेशीय जीव राहतो. २०१३ मध्ये संशोधकांनी त्याच्या मुख्य गुणसूत्रावरचे सगळे आरंभबिंदू कापून टाकले. तो मेला नाही. उलट आधीपेक्षा थोडा जास्तच वेगाने वाढू लागला. तुटलेले धागे सांधणारी यंत्रणा त्याने नक्कल सुरू करायला वापरली. धाग्यावर कुठेही, कधीही सुरुवात.

मात्र हा जीव गुणसूत्राच्या दोन नव्हे, पंधरा-वीस प्रती एकाच पेशीत बाळगतो. विभाजनाच्या वेळी एखादी प्रत अर्धवट राहिली किंवा एखादी जास्त झाली, तरी दोन्ही लेकींना मजकुराच्या पुरेशा धडक्या प्रती मिळतातच. ज्याच्या घरी वीस ताटं जास्तीची मांडलेली असतात, त्याला कूपनं छापायची गरज पडत नाही.